काही घाई नाही

"काही घाई नाही, मॅडम. तुमच्या सवडीनं होऊ द्या," फोनवरचा माणूस म्हणाला, आणि तिच्या हातातला कागदी कप कलून निम्मा चहा टेबलावर सांडला.

तिनं रिसीव्हर ठेवला. टेबलावरचा चहा हळूहळू कीबोर्डच्या दिशेनं निघाला होता, तो तिनं रुमालानं अडवला. अडवणं हे तिचं कामच होतं. ऑफिसात पाठीमागे तिला 'अडसर' म्हणत आणि आपल्याला हे ठाऊक नाही असं ती दाखवत असे, म्हणजे दोन्ही बाजूंची सोय होती. फोनवरच्या त्या वाक्यात वावगं काही नव्हतं. शिवी नव्हती, धमकी नव्हती, वरच्या कुणाचं नाव नव्हतं. तेच तर खुपत होतं. बँकेच्या परदेशी व्यवहार विभागात तिनं अर्धं आयुष्य काढलं होतं आणि पैसे अडकलेल्या माणसांच्या तोंडून तिनं काय नाही ऐकलं? वकिलाकडे जातो, वर्तमानपत्रात देतो, दारात उपोषणाला बसतो, तुमच्या खुर्चीला वाळवी लागो. एका सूतगिरणीवाल्यानं फोनवर हंबरडा फोडला होता आणि मग, आवाज मोकळा झाल्यावर, बँकेचा दर अर्धा टक्का कमी होईल का असं विचारलं होतं. रडत रडतही तो भाव करत होता. घाई नाही असं मात्र आजवर एकही माईचा लाल म्हणाला नव्हता. तिला वाटलं, कानात कुणीतरी कोमट पाणी ओतलंय. गोड बोलण्याला तिचा कान सरावलेलाच नव्हता.

तिच्याकडे जे टेबल होतं त्याला बँकेत लांबलचक नाव होतं, पण घरी ती त्याला जगबुडीचं टेबल म्हणायची. चोरी, लाच, करबुडवेपणा हे बघायला दुसरी माणसं होती. तिनं एवढंच बघायचं की आपल्या बँकेतून पैसे पाठवून कुणी अशा वस्तू तर घेत नाही ना, ज्या एकेक बघितल्या तर निरुपद्रवी आणि एकत्र जोडल्या तर एका दुपारीत अख्खं शहर गार. बॉम्ब कुणी बॉम्ब म्हणून विकत घेत नाही. तो झडपा, पंप, नळ्या, भट्ट्या अशा सुट्या भागांत, सज्जन माणसांच्या खात्यांतून, पावती घेऊन घेतला जातो. या कामाचं प्रशिक्षण तिला एका थंड हॉटेलात मिळालं होतं. पडद्यावर एका प्रचंड ढगाचा फोटो दाखवला होता आणि लगेच जेवणाची सुट्टी झाली होती. तेव्हापासून ढग आणि भूक यांचं तिच्या डोक्यात काहीतरी विचित्र नातं जुळलं होतं. रोजचं काम मात्र ढगाळ नव्हतं. संगणक नावं तपासायचा, बंदी घातलेल्या यादीत नसतील तर हिरवी खूण करायचा, आणि ती खालती सही करायची. सहीला बँकेत फार मान होता, कारण उद्या काही झालं तर पकडायला संगणकाला मान नव्हती.

या माणसाच्या सगळ्या खुणा हिरव्या होत्या. गावाबाहेर दूध भुकटीचा कारखाना काढतोय, त्यासाठी परदेशातून एक मोठं वाळवणी यंत्र मागवतोय, यंत्र जहाजावर चढलं की बँकेनं विकणाऱ्याला पैसे द्यायचे. सरळ मामला. तिनं अडवला होता तो निव्वळ सवयीनं. यंत्राला म्हणे चहूबाजूंनी बंदिस्त कप्पा होता, आतली हवा बाहेर जाताना गाळून जायची. दुधाला एवढा बंदोबस्त कशाला, असं तिनं विचारलं होतं. स्वच्छतेसाठी, असं उत्तर आलं होतं. प्रशिक्षणात जेवणानंतर, सगळे पेंगत असताना, कुणीतरी सांगितलं होतं की ज्या यंत्रात दुधाची भुकटी होते त्यात रोगाच्या जंतूंचीही होते, फक्त करणाऱ्याला ती श्वासात जाऊ नये एवढी काळजी घ्यावी लागते. तेवढं एक वाक्य तिच्या लक्षात राहिलं होतं, कारण ती जेवली नव्हती.

साहेब तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होते आणि त्यांच्या खोलीतला प्रत्येक आलेख उजवीकडे वर चढत असे. त्यांनी तिला बोलावलं.

"मॅडम, सगळं हिरवं आहे."

"हो सर."

"मग अडलंय कुठे?"

"तो ओरडत नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तरी ती तिथेच होती.

"मग काय, मी त्याला फोन करून ओरडायला सांगू?"

"सांगून बघा."

"मॅडम, हा माणूस वर्षभरात आपल्या शाखेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होणार आहे. सभ्य आहे, हा त्याचा गुन्हा? उद्या संध्याकाळपर्यंत सोडा. आणि कृपा करून," साहेबांनी आवाज खाली आणला, "पुन्हा फुगेवाला करू नका."

फुगेवाला! ते भूत तिच्या मानेवरून उतरायला तयार नव्हतं. मुलांच्या वाढदिवसांना फुगे पुरवणाऱ्या एका गृहस्थानं परदेशातून वायूच्या नळकांड्या मागवल्या होत्या आणि नळकांड्या जरा जास्त आहेत असं वाटून तिनं पैसे थांबवले होते. चौकशी झाली. फुगेवाला निघाला तो शंभर टक्के फुगेवाला. तो शाखेत आला, भर दुपारी, सगळ्यांसमोर ओरडला की पाच घरचे वाढदिवस बुडाले, पोरं फुग्याशिवाय मोठी झाली, त्याला जबाबदार कोण, आणि जाताना एक लाल फुगा तिच्या खुर्चीला बांधून गेला. तो फुगा चार दिवस तिच्या डोक्यावर तरंगत होता. काढावा कसा हे तिला समजेना. काढला तर मनाला लागलं असं दिसलं असतं. शेवटी तो आपणच सुरकुतून खाली आला आणि तिच्या मांडीवर बसला. तेव्हापासून 'अडसर'. आता तर वरच्या मजल्यावर 'पुनर्रचना' नावाचा शब्द फिरत होता. साहेबांनी तो आजही, अगदी सहज, पेपरवेट फिरवावा तसा फिरवला. या टेबलाचं काम संगणकाला द्यायचं आणि टेबलामागच्या बाईला तळघरात, जुन्या दप्तरांच्या खोलीत. आणखी एक चूक झाली की तळघर. नाही केली आणि सही करून टाकली, तर काही व्हायचं नाही. निदान इथे नाही. झालंच तर कुठेतरी दूर, आणि वर्तमानपत्रात वाचताना यात आपली सही आहे हे तिच्याशिवाय कुणालाही कळणार नाही. ही सोय तिला जास्त भयंकर वाटली. बाहेर आल्यावर तिनं आपला उजवा हात बघितला. मधल्या बोटावर पेनाचा घट्टा होता. एवढासा घट्टा, आणि त्याच्या खाली एखादं शहर.

घरी नवरा हजर होता. तो कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानातली यंत्रं विकायचा. दिवसभर बहिऱ्यांशी बोलून बोलून घरातही तो सभेला संबोधून बोलावं तसाच बोले.

"काय झालं?" तो गरजला.

"ओरडू नको."

"मी ओरडत नाहीये!" हे त्यानं इतक्या ठासून सांगितलं की शेजारचा कुत्रा भुंकला. "चेहरा बघ आरशात. ऑफिसात कोण बोललं?"

"कुणी बोललं नाही. तेच तर."

"म्हणजे?"

"मला सांग, तुझ्याकडे कधी असं गिऱ्हाईक येतं, जे भाव करत नाही? घाई करत नाही?"

नवरा विचारात पडला. विचार करतानाच काय तो तो शांत असायचा. "छे! माझं गिऱ्हाईक बहिरं असतं, पण किंमत सांगितली की त्याला पहिल्यांदा तीच ऐकू येते. मग म्हणतं, यंत्र नीट चालत नाही, मला वेगळाच आकडा ऐकू आला." आपल्याच विनोदावर तो हसला आणि कुत्रा पुन्हा भुंकला. ती हसली नाही. ती एकदम आपल्या वडिलांच्या दुकानात जाऊन पोचली होती.

वडिलांचं दोरखंडांचं दुकान होतं. काथ्याचा कोरडा, नाकात चढणारा वास, आणि फळीखाली वेटोळ्यांच्या मधल्या पोकळीत बसून गणितं सोडवणारी ती. वरती वडिलांचा आवाज अखंड चाले. गिऱ्हाइकाशी भांडल्याशिवाय त्यांना विकल्यासारखंच वाटत नसे. परवडत नाही तर केसांची वेणी वापरा, असं त्यांनी एका बाईला सांगितलं होतं आणि ती बाई पुढे वीस वर्षं तिथूनच दोर नेत होती. आईला या भांडणांची लाज वाटायची, हिलाही वाटायची. मैत्रिणी दुकानावरून जाताना ही दोरखंडाच्या वेटोळ्यात अजून खाली सरके. एके दिवशी तिला फळीच्या फटीतून एका माणसाचे बूट दिसले. अगदी स्वच्छ, नुकतेच पुसलेले. तो म्हणाला, दोर द्या. वडील म्हणाले, कुठला? तो म्हणाला, कुठलाही. वडिलांनी भाव सांगितला, मुद्दाम दुप्पट. तो म्हणाला, ठीक आहे. वरती शांतता पसरली. वडिलांच्या दुकानातली ती पहिली शांतता, ती तिला अजून आठवत होती. मग वडील त्याच्यावर तुटून पडले. ठीक काय आहे? डोकं ठिकाणावर आहे का? दुप्पट भाव सांगितलाय, कळतं का? तुमच्यासारख्या माणसांनी बाजार बिघडवलाय! तो पुटपुटला, मला फक्त दोर हवाय. मिळणार नाही, वडील म्हणाले, आधी भाव करा. आणि त्यांनी त्या माणसाला बसवलं, डिवचलं, त्याच्या बुटांवरून बोलले, त्याच्या बापाला व्यवहार कळत होता का असं विचारलं. बापाचं नाव काढल्यावर तो माणूस पेटला. तोही ओरडू लागला. रस्त्यावर माणसं जमली. तो लालबुंद होऊन, दोर न घेता, दुकानाला शिव्या देत निघून गेला, आणि वडील घामाघूम होऊन खाली बसले. तिला तेव्हा वाटलं होतं, आपला बाप वेडा आहे. काही आठवड्यांनी तेच बूट परत आले, या वेळी चिखलानं भरलेले. त्या माणसाला कपडे वाळत घालायला दोर हवा होता आणि त्यानं एवढ्याशा दोरासाठी तासभर घासाघीस केली. वडिलांनी पदरचं घालून तो दिला. रात्री जेवताना ते आईला एवढंच म्हणाले, "जो भाव करत नाही ना, त्याला उद्या बघायचा नसतो."

ती स्वयंपाकघरात उभी होती आणि नळ वाहत होता. नवरा नळ बंद कर म्हणून दुसऱ्या खोलीतून ओरडत होता. या घरात किती उद्या होते! उद्याचं दूध, उद्याची इस्त्री, उद्याचा हप्ता, आणि प्रत्येकावरून भांडण. दूध. तिचा हात पातेल्यावर थांबला. दूध थांबत नाही. ज्याच्या दारात उद्या शेकडो लिटर दूध येऊन पडणार आहे त्या माणसाला एक दिवसाचा उशीर म्हणजे जिवंतपणी मरण. त्यानं तर बँक डोक्यावर घ्यायला हवी होती. तिनं पातेलं गॅसवर ठेवलं आणि कित्येक दिवसांनी दूध उतू जायच्या आत आच बंद केली.

दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांचं दुकान उघडलं. म्हणजे फोन उचलला. आधी घसा खाकरला. भांडायची तिला सवय नव्हती, आजवर ती फक्त ऐकून घ्यायच्या बाजूला बसत आली होती.

"आमचे चार्जेस बदललेत," ती म्हणाली. "तुम्हाला दुप्पट लागतील."

"ठीक आहे, मॅडम. लावा."

काथ्याचा वास आला, स्पष्ट आला.

"आणि तुमचं प्रकरण दुसऱ्या टेबलावर चाललंय. सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"चालेल. तुम्ही म्हणाल तसं."

"माझी चूक आहे त्यात. मीच हरवलं होतं."

"माणूस आहे, चुका व्हायच्याच."

जिवंत व्यापारी असता तर एव्हाना तिच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. तिनं श्वास घेतला आणि अगदी घरगुती आवाजात विचारलं, "मग तोवर दुधाचं काय करता?"

"कुठलं दूध?"

लाइनवर हलकी खरखर होती. दूर कुठेतरी एक दार लागल्याचा आवाज आला.

"हां, दूध," तो म्हणाला. "ते... ठेवतो आम्ही."

तिला हसू आलं. हसू आलं याची भीती वाटली. आता शेवटचं. कारखानदार तिनं शेकड्यांनी बघितले होते. नव्या यंत्राचा मालक म्हणजे नुकताच बाप झालेला माणूस, दिसेल त्याला ओढून नेऊन पाळणा दाखवणार. तिला किती शेडमधून फिरवलं होतं, किती बॉयलरना हात लावायला लावला होता. एकानं तर कामगारांचा संडाससुद्धा अभिमानानं उघडून दाखवला होता, फरशी बघा म्हणून.

"एक काम करू," ती म्हणाली, "आज दुपारी मी स्वतःच येते. यंत्र कुठे बसवणार ती जागा बघते आणि तिथेच सही करते. गाडी आहे बँकेची."

"त्याची गरज नाही."

"पण मला बघायला आवडतं."

"मी म्हटलं, गरज नाही. तुम्हाला सांगितलं तेवढंच करा!"

आणि तो ओरडला. अखेर ओरडला. पण ते ऐकताच तिच्या कानानं, आयुष्यभर शिव्या खाऊन पिकलेल्या त्या कानानं, निकाल दिला. व्यापाऱ्याच्या ओरडण्यात रडं असतं, बायकापोरं असतात, बुडालेला हंगाम असतो. या आवाजात नुकसान नव्हतंच. हुकूम होता. तिनं रिसीव्हर इतक्या अलगद ठेवला की जणू तो झोपलाय. मग पेन काढलं, 'थांबवावे' असं लिहिलं आणि खाली सही केली. अशा व्यवहारांवर नजर ठेवणारं जे सरकारी कार्यालय होतं त्यांना जे ऐकलं ते जसंच्या तसं कळवलं: दर दुप्पट केला तरी चालतो, उशीर चालतो, दूध माहीत नाही, जागा दाखवत नाही. कारण म्हणून रकाना होता. त्यात काय लिहावं? थोडा विचार करून तिनं लिहिलं, "गिऱ्हाइकाला उद्या नाही." वाचून बघितलं, वेड्यासारखं वाटलं, तसंच ठेवलं.

साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. तिला बसायलाही न सांगता ते म्हणाले की सभ्य माणसाला ओरडायला लावून मग ओरडला म्हणून पकडणं हा कुठला न्याय, आणि आपण हे वर कळवत आहोत. त्यांनी कळवलं. पुढच्या सोमवारी तिच्या खुर्चीला एक लाल फुगा बांधलेला होता. कुणी बांधला ते कळलं नाही, सगळेच फार मन लावून काम करत होते. तिनं तो काढला नाही. तळघरातली खोली साफ करायला माणूस गेल्याचं शिपायानं सांगितलं, "खिडकी नाही मॅडम, पण शांतता फार." ती दिवसभर सह्या करी आणि संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याचा आवाज अंगावर घेत बसे, उन्हात बसावं तशी. कधी वाटे, तो खरंच सभ्य माणूस असेल. जगात एखादा असूही शकतो. मग 'कुठलं दूध?' आठवे आणि पाठ पुन्हा ताठ होई.

फुगा निम्मा उतरला होता तेव्हा सरकारी कार्यालयातली अधिकारी बाई आली. सडपातळ, सर्दी झालेली, हातात रुमाल. साहेबांनी तिला आपल्या खोलीत नेऊन कॉफी मागवली, पण ती म्हणाली, "सही केली त्या बाईंना बोलवा," आणि टेबलामागची बाई आत आल्यावर स्वतः उठून उभी राहिली. साहेबांनाही मग उठावं लागलं. उभे राहिलेले साहेब तिनं पहिल्यांदाच बघितले; ते तिच्या समजुतीपेक्षा बरेच बुटके होते.

"कारखाना नाही," अधिकारी बाई शिंकून म्हणाली. "कुलूपबंद शेड आहे, आणि नवी कोरी पाटी. आसपास गाय सोडा, शेळीही नाही. जहाज मधल्या एका बंदरात पेट्या उतरवणार होतं. तिथे पेट्या घ्यायला आलेली माणसं आम्ही उचलली. ती दूधवाली नव्हती."

"मग कोण होती?" साहेबांनी विचारलं.

"ते तुम्ही विचारायचं नाही आणि मी सांगायचं नाही." तिनं नाक पुसलं आणि टेबलामागच्या बाईकडे वळली. "एवढं सांगते. अशाच मार्गानं, दुसऱ्या बँकांतून, दोन यंत्रं आधीच गेली आहेत. सगळी हिरवी. हे तिसरं. त्यांचा सगळा खटाटोप या तिसऱ्यावर अडला होता. हे नसेल तर ती दोन म्हणजे भंगार. तुमच्या सहीमुळे पैशाची ती सगळी वाट आता आमच्या हातात आलीय, दोन्ही टोकांपर्यंत. बाई, तुम्ही काय थांबवलंय याचा आकडा मला माहीत आहे. माणसांचा. सांगू शकत नाही. पण मोठा आहे."

खोलीत शांतता पसरली. वडिलांच्या दुकानातलीच ती शांतता, फक्त आता ती उलटी फिरली होती, आत घेतलेला श्वास कुणीतरी सोडावा तशी. तिला वाटलं, कुठल्यातरी न बघितलेल्या शहरात आत्ता दुपार झालीय. कुणीतरी खिडकीतून खाली ओरडतंय, कुणी दोन पैशांवरून भांडतंय, कुणी पोराला जेवायला हाका मारतंय आणि पोर येत नाहीये, आणि यातल्या कुणालाही आपल्याला काय झालं नाही हे कधीच कळणार नाही. तो सगळा गलका तिच्या कानात शिरला. तिचे डोळे भरून आले. साहेबांना ते दिसू नये म्हणून तिनं शिंकल्यासारखं केलं. अधिकारी बाईनं समजून आपला रुमाल पुढे केला आणि मग, तो वापरलेला आहे हे लक्षात येऊन, मागे घेतला.

"एक विचारू?" जाताना अधिकारी बाई म्हणाली. "उद्या नाही, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"घरी," ती म्हणाली. "आमचे वडील फार भांडकुदळ होते." हे सांगताना तिची मान आयुष्यात पहिल्यांदाच ताठ होती.

कुणाला सांगायचं नाही असं तिच्याकडून वदवून घेतलं होतं, त्यामुळे घरी ती काहीच बोलली नाही. नवऱ्यानं मात्र तिच्याकडे दोनदा बघितलं आणि म्हणाला, "लॉटरी लागली का?" त्याच्या परीनं तो कुजबुजला होता, म्हणजे खालच्या मजल्यापर्यंतच ऐकू गेलं. ती हसत सुटली. तोही कारण न विचारता हसला, आणि कुत्रा सवयीनं.

दुसऱ्या दिवशी तळघराच्या खोलीला परत कुलूप लागलं. साहेबांच्या भिंतीवर 'संशयास्पद व्यवहार रोखले' असा नवा आलेख लागला. तो उजवीकडे वर चढत होता आणि खाली साहेबांचं नाव होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिनं खुर्चीचा फुगा सोडला, सुरकुतलेला, आणि नीट घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. एवढ्यात फोन वाजला.

"काय चाललंय काय तुमच्या बँकेत?" फुगेवाला होता. "माझ्या नळकांड्या बंदरात पडल्यात, तुमच्याकडून सही निघत नाही! परवा तीन वाढदिवस आहेत! मी काय तोंडानं फुगवू? आणि हे चार्जेस! हे चार्जेस आहेत का दरोडा? तुमचा तो दिवस मी विसरलेलो नाही, सांगून ठेवतो! तुमच्यासारखी अडेलतट्टू बाई मी—"

तिनं रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला, म्हणजे तो आवाज सगळ्या विभागाला ऐकू जाईल. काय आवाज होता! परवा होता त्यात, तीन वाढदिवस होते, दोन पैसे होते, जुना राग होता, पुढच्या वर्षीचं भांडण होतं. डाव्या हातानं तिनं त्याचं प्रकरण पुढे ओढलं, उजव्या हातानं सही केली, आणि खुर्चीत आरामात टेकली.

"बोला," ती म्हणाली. "सावकाश बोला. मला काही घाई नाही."